हरभऱ्याएवढा खडा

"आवाज हळू," मधुदादा म्हणाला आणि माझ्या हाताला धरून मला मोरीपाशी घेऊन गेला.

मी पुण्याहून आत्ताच उतरले होते. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला पायरीवर अप्पा सुपारी कातरत बसले होते. शेजारच्या कारखान्यात चोवीस माग खडखडत होते, इचलकरंजीत ते कायमचेच. तरीही दादानं आवाज इतका खाली आणला की त्याचं निम्मं बोलणं मला अंदाजानं घ्यावं लागलं. अप्पांवर लक्ष राहावं म्हणून तो त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला होता. मीही तशीच उभी राहिले.

"पित्ताचा खडाबिडा काही नाही, उजू. फोनवर बोलता येईना म्हणून तसं म्हटलं. गाठ आहे. अंडाशयावर. मोसंबीएवढी."

"कोण म्हणालं?"

"मिरजेचे डॉक्टर. परवा आईला दाखवायला नेली तेव्हा मला एकट्याला केबिनमध्ये बसवून सांगितलं. आई बाहेर बाकावर होती. पोट उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही म्हणाले, पण लक्षण बरं वाटत नाही. गुरुवारी ऑपरेशन. तुकडा तपासायला पाठवणार. सोमवारी रिपोर्ट."

"म्हणजे कॅन्सर?"

"हळू म्हटलं ना!"

दोघांनी एकदम अप्पांकडे पाहिलं. अप्पा सुपारीच कातरत होते. अडकित्ता क्षणभर थांबल्यासारखा वाटला, पण खांड कठीण असलं की थांबतोच तो.

ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. घरात फोन नव्हता, अप्पांना मागच्या दिवाळीत हार्ट अटॅक येऊन गेला होता, आणि दादा नुकताच शाळेचा मुख्याध्यापक झाला होता. या तिन्हींतलं शेवटचं आम्हाला सगळ्यात जड गेलं. दादानं खिशातून वहीचा कागद काढला. कुणाला काय सांगायचं ते त्यानं वेळापत्रकासारखं लिहून आणलं होतं. अप्पांना पित्ताचा खडा. आईला साधी गाठ. जयसिंगपूरच्या आत्याला नुसती तपासणी, कारण आत्याला कळलं की पंचक्रोशीला कळलं. माझ्या सासरी ऑपरेशन, पण कशाचं ते नाही. वहिनीला सगळं, पण तिच्या माहेरी चकार शब्द नाही. आजही घरात कुणाला शिंक आली तर दादा मोबाईलवर सगळ्यांना वेगवेगळा निरोप पाठवतो, आणि कुणाला काय कळवलंय ते त्याच्या अजून पक्कं लक्षात असतं.

"अप्पांना तू सांगायचं," तो म्हणाला. "तुझं ऐकतात ते."

"आणि त्यांना धक्का बसला तर?"

"खड्यानं कुणाला धक्का बसतो? म्हणून तर खडा."

अप्पांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि ओरडून सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं. चौतीस वर्षं मागावर काढल्यावर कानात काय उरणार? मी नववीत गणितात नापास झाले तेव्हा अप्पांच्या आधी समोरच्या बबूमावशीला कळलं होतं. म्हणून आमच्या घरात दोनच आवाज होते. अप्पांसाठीचा मोठा, आणि अप्पांना कळू नये म्हणूनचा बारीक.

मी पायरीवर त्यांच्यासमोर बसले.

"अप्पा, आईच्या पित्ताशयात खडा आहे!"

"आं?"

"खडा! मिरजेला ऑपरेशन आहे! साधं आहे! चार-सहा दिवसांत घरी येणार!"

गल्लीतून बबूमावशीचा आवाज आला, "माझ्या जावंला बी झालता गं उजे, काय न्हाई हुत त्यानं!"

अप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझी मान खाली जायला लागली तशी मीच ती बळंच वर धरली.

"केवढा हाय खडा?" त्यांनी विचारलं.

हे दादाच्या कागदावर नव्हतं. मी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली. "हरभऱ्याएवढा!"

त्यांनी माझ्या दोन बोटांमधली ती फट नीट पाहिली. मग "बरं," म्हणाले आणि सुपारीचं खांड पुढे केलं. मी ते तोंडात टाकलं, आणि दिवसभर माझ्या जिभेवर तुरट चव राहिली.

आई आत भाकरी करत होती. पोट धरून का होईना, चुलीपुढून उठायची तिची तयारी नव्हती. तिचे ओठ हलत होते. ते कायमच हलायचे. भाकरी थापताना, तांदूळ निवडताना, दोरीवर कपडे टाकताना. आई सतत जप करते असं आम्ही लहानपणापासून म्हणत आलो होतो. कुठल्या देवाचा ते कुणी विचारलं नव्हतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं तीही शेजारच्या, अप्पा मागावर असायचे त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. दादाच्या वेळी तिनं ते काम सोडलं. आम्हा पोरांना मात्र अप्पांनी कारखान्याचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही. आत पाऊल टाकलं की पोर तिथंच राहतं, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आईअप्पा एकमेकांशी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं, अबोला नव्हता, पण बोलणंही नव्हतं. ती चुलीपाशी, ते उंबऱ्यात. ती अंगणात, ते पायरीवर. "जेवायला चला," "औषध घ्या," एवढंच आई त्यांच्या कानाशी ओरडायची. लग्न करून मी पुण्याला गेले, नवऱ्याशी मनसोक्त भांडायला लागले, तेव्हा मला आईची फार कीव यायची. तीस-बत्तीस वर्षं एका मुक्या घरात हिनं कशी काढली असतील?

बुधवारी सकाळी जीप आली. दादा आणि वहिनी आईबरोबर जाणार होते, अप्पांजवळ मी राहणार होते. आई खिडकीशी बसली. अप्पा दारात उभे राहिले. मला वाटलं, निदान आज तरी जवळ जातील, हातात हात घेतील. कसलं काय! ते दाराची चौकट धरून उभे. आईनं पदर डोक्यावर घेतला आणि तिचे ओठ हलायला लागले. जीप सुरू होईपर्यंत हलत होते. अप्पा दोन-तीनदा मान हलवत होते.

"बघ," दादा माझ्या कानाशी म्हणाला, "जप सोडत नाही. देवावर भार टाकलाय तिनं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईसाठी नाही, अप्पांमुळं. बायको पोट फाडून घ्यायला चालली आहे आणि या माणसाच्या तोंडून शब्द नाही.

पुढचे पाच दिवस मला अजून नीट आठवत नाहीत आणि विसरताही येत नाहीत. दोन गल्ल्या सोडून एका सूतव्यापाऱ्याची पेढी होती. तिथल्या फोनवर दादा सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला फोन करणार असं ठरलं होतं. मी साडेआठलाच जाऊन बसायची. दिवाणजी सुताच्या पोत्याकडे बोट दाखवून "बसा" म्हणायचे. मी बसायची, उठायची, परत बसायची. गुरुवारी सकाळी फोन आला, "आत नेली." त्यानंतर पाचपर्यंत काही नाही. त्या दिवशी मी एकच पातेलं तीनदा घासलं. पाचला दादा म्हणाला, "काढली गाठ. शुद्धीवर आहे. तुकडा गेला तपासायला." मी विचारलं, "डॉक्टरांचा चेहरा कसा होता?" तो म्हणाला, "तोंडाला फडकं होतं."

घरी येऊन मी ओरडले, "अप्पा, आईचं ऑपरेशन झालं! शुद्धीवर आहे!"

"बरं."

"खडा काढला!"

"बरं झालं."

बस्स. एवढंच. पुढं एक प्रश्न नाही. दुखतंय का, काय खाल्लं, कधी येणार, काही नाही. शुक्रवारी मी ओरडून सांगितलं की आईनं पेज घेतली, शनिवारी सांगितलं की आई टेकून बसली. दोन्ही दिवस तेच "बरं". मग उठायचे, दारापर्यंत जायचे, रस्त्याकडे बघायचे, परत पायरीवर. दिवसातून वीसदा. हातात अडकित्ता, पण सुपारी कातरलेली दिसेना. मला त्यांचा राग यायला लागला. इतका की त्यांना चहाचा कप देताना मी तो जरा आपटूनच ठेवायची. वाटायचं, ओरडून सांगावं एकदाचं. खडा नाही, अप्पा, गाठ आहे, मोसंबीएवढी, ती मरेल कदाचित, आणि तुम्ही बरं म्हणताय.

रविवारी दुपारी तर मी त्यांच्यासमोर जाऊन बसलेच. "अप्पा..." म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघायला लागले. फार वेळ बघत राहिले. माझे ओठ उघडले, मिटले. आतल्या फळीवरची, अटॅक आला तर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची डबी माझ्या डोळ्यांपुढे आली.

"काही नाही," मी म्हणाले.

"चा कर," ते म्हणाले. "थोडा तू बी घे. सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस."

सोमवारी सकाळी दादाचा फोन नऊऐवजी सव्वानऊला आला. त्या पंधरा मिनिटांत दिवाणजींनी मला दोनदा पाणी दिलं. दादा म्हणाला, "रिपोर्ट चारला मिळणार. मी एकटा जाऊन ऐकतो. मग कुणाला काय सांगायचं ते ठरवू." त्याचा आवाज बसला होता. मी घरी आले तर दार लोटलेलं आणि पायरी मोकळी.

अप्पांच्या चपला नव्हत्या. खुंटीवरची इस्त्रीची टोपी नव्हती. गोळ्यांची डबी मात्र फळीवर जागच्या जागी होती.

ती डबी मुठीत धरून मी गल्लीत धावले. बबूमावशीनं पाहिलं नव्हतं. चहाच्या गाड्यावर नव्हते. देवळात नव्हते. शेवटी आयुष्यात पहिल्यांदा मी कारखान्याचा उंबरा ओलांडला. आत पाऊल टाकताच त्या आवाजानं माझी छाती आतून हलायला लागली. मी ओरडले, "अप्पा आलेत का?" माझं मलाच ऐकू आलं नाही. पण सहा माग सोडून पलीकडे उभ्या असलेल्या, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि तोंडानं काहीतरी म्हणून हातानं स्टँडची दिशा दाखवली. त्यानं ओरडल्यासारखं केलंच नव्हतं. मला काही कळेना. तो बाहेर आला आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "मिरजेच्या एसटीत बसलं की वो. मीच स्टँडवर सोडलं सायकलवरनं. तुमास्नी ठाव न्हाई?"

जयसिंगपूरवरून मिरज. तासाभराचा रस्ता, पण त्या दिवशी प्रत्येक फाट्यावर एसटी थांबत होती असं मला वाटलं. मी उभीच होते. जागा असून उभी होते. डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर अप्पा, छातीवर हात, आणि डबी माझ्या मुठीत. आणि हे सगळं मी बोललेल्या एका खोट्यामुळं. खरं सांगितलं असतं तर निदान एकटे गेले नसते.

दुसऱ्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड होता. ऑपरेशन झालेल्यांजवळ एकच माणूस सोडायचे, तेही चारनंतर, पास घेऊन. बाकीच्यांनी व्हरांड्यात थांबायचं. व्हरांडा आणि वॉर्ड यांच्यामध्ये भिंतभर जाड काच होती. रात्री व्हरांड्यात जागलेली वहिनी खालच्या धर्मशाळेत झोपली होती, आणि दादा एका खांबाला टेकून उभा होता. त्यानं मला पाहिलं. काचेकडे बोट केलं.

काचेपाशी अप्पा उभे होते. आत, तिसऱ्या खाटेवर, आई उशीला टेकून बसली होती. मधे काच आणि पंधरा-वीस पावलं. आईचे ओठ हलत होते.

अप्पांचेही हलत होते.

आवाज नव्हता. एकाचाही नव्हता. आई थांबायची, अप्पांचे ओठ हलायचे. अप्पा थांबायचे, आईचे. मधेच आईला हसू फुटलं आणि तिनं पोट धरलं. अप्पांनी बोट उगारलं. मग आई लांबलचक काहीतरी सांगायला लागली, भुवया वर, हात हलवत, अशी मी तिला उभ्या जन्मात बोलताना पाहिली नव्हती. अप्पांनी मधेच काहीतरी म्हटलं. आईला ते पटलं नाही. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तसे अप्पा दोन पावलं सरकून काचेच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि टिचक्या मारायला लागले.

सकाळी कारखान्यात तो जॉबर माझ्याशी असाच बोलला होता. आई चुलीपुढं पाठ करून बसायची तेव्हा अप्पा उंबऱ्यातून उठून पलीकडं खिडकीत जाऊन बसायचे. मला लहानपणी वाटायचं, त्यांना तिथं वारा लागतो.

"किती वेळ चाललंय?" मी दादाला विचारलं.

"दीड तास झाला." दादा मुख्याध्यापकासारखा दिसत नव्हता, कोपऱ्यात उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता. "उजू, त्यांना सगळं माहीत आहे. दोघांनाही. माझ्या केबिनचा... म्हणजे डॉक्टरांच्या केबिनचा दरवाजा काचेचा होता. आई बाहेर बाकावर बसून डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत होती. ऑपरेशन गुरुवारी, रिपोर्ट सोमवारी, माझ्याबरोबरच तिला कळलं. आत्ता नर्सनं पाणी द्यायला मिनिटभर आत सोडलं तर म्हणते, तुझे डॉक्टर फार भरभर बोलतात."

अप्पांनी आम्हाला पाहिलं. आईला हातानं थांब म्हणाले आणि येऊन बाकावर बसले. मी डबी पुढे केली. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून दाखवली. दोन गोळ्या होत्या.

"अप्पा!" मी ओरडले. व्हरांड्यातल्या चार माणसांनी वळून बघितलं.

"आरडू नगंस. दवाखाना हाय." ते हळू बोलत होते. अप्पा हळू बोलू शकतात हेही मला तेव्हाच कळलं. "नुसतं तोंड हलीव. कळतंय मला."

"मग इतकी वर्षं आम्ही ओरडत होतो ते?"

"आरडलं की तोंड नीट उघडतंय तुमचं. न्हाईतर तुमी शिकल्याली माणसं, ओठातल्या ओठात बोलतासा."

मला हसावं की रडावं कळेना. "तुम्हाला कधी कळलं?"

"तुजी आई मिरजेहून आली त्याच रात्री तिनं सांगितलं. मग तुमी दोगं मोरीपाशी हुबं ऱ्हाऊन परत सगळं सांगितलासा. माज्याकडं तोंड करून."

दादानं डोळे मिटून घेतले.

"मग आला का नाहीत बुधवारी? इथं राहायला हवं होतंत."

"तिनं नगं म्हटलं. जीपमदनं." ते काचेकडे बघत म्हणाले. "म्हणाली, पोरं लई घाबरल्यात. आपल्याला ठाव हाय हे कळलं तर आणि घाबरतील. त्यांनी ठरीवलंय तसं चालू द्या. सोमवारी मातर या, रिपोर्टाला मी एकटी न्हाई ऱ्हायची." ते थांबले. "म्हणून थांबलो. पण तिला आत नेताना मी हितं न्हवतो. ते तुमचं चुकलं, मधू. माज्या काळजाचं तुमी बगत बसलासा. तिचं कोण बगणार हुतं?"

मी आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारलं, "मग खडा केवढा म्हणून मला का विचारलंत?"

त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग कळलं.

"तू कुटवर रेटतीस ते बगत हुतो," ते म्हणाले आणि किंचित हसले. मग हसू गेलं. "ते न्हवं, उजे. एवढं मोठं अंगावर आल्यालं. पोरगी पुण्याहून येती, दमल्याली, आणि माज्यासाटी ते हरभऱ्याएवढं करून आणती. म्हटलं, घ्यावं. घेतलं मी."

आणि मी पाच दिवस त्यांच्यापुढे कप आपटत होते. मी त्यांचा हात धरला. सुपारीनं खरखरीत झालेला, एक बोट मागात सापडून वाकडं झालेलं. त्यांनी तो फार वेळ धरू दिला नाही. आई काचेपलीकडून बघत होती, तिच्याशी बोलायचं होतं.

चारला वॉर्ड भेटायला उघडला. पास एकच. दादानं तो गुपचूप अप्पांच्या हातात दिला. अप्पांनी टोपी नीट केली आणि आत गेले. आम्ही दोघं खाली डॉक्टरांकडे.

"मी एकटा ऐकतो म्हटलं होतं," जिन्यात दादा म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हणाले आणि पुढे चालत राहिले.

डॉक्टर खरंच भरभर बोलत होते. पाकिटातून कागद काढला, वाचला, आणि पहिलं वाक्य बोलले त्यात सगळं होतं. गाठ साधी. कॅन्सर नाही. पुढची औषधं, टाके, जड उचलायचं नाही, तेही ते बोलले असतील. दादा खुर्चीत वाकला आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला. कुणाला काय सांगायचं हे ठरवायचंच राहून गेलं त्याचं. मी पाकीट उचललं आणि धावले.

वॉर्डाच्या दारात राखणदार आडवा आला. "पास?"

"पास आत आहे. वडील आत आहेत. रिपोर्ट आलाय, एकच मिनिट..."

"एका पासावर एकच माणूस, ताई. ते बाहेर येऊ द्या, मग जावा."

मी काचेपाशी गेले. अप्पा खाटेजवळच्या स्टुलावर बसले होते. आईनं मला आधी पाहिलं आणि अप्पांच्या खांद्याला हात लावला. दोघं वळले. दोघांचे डोळे माझ्या तोंडावर.

मी सवयीनं ओरडायला छाती भरून घेतली. मग सोडून दिली.

"साधी गाठ आहे," मी आवाज न काढता म्हणाले.

अप्पांनी हातानं खूण केली. तोंड उघड नीट.

"साधी. कॅन्सर नाही."

परत खूण. घाई नगं.

मी ओठांना दम दिला. एकेक शब्द वेगळा काढला, पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढावा तसा. "आईला. कॅन्सर. नाही. अप्पा. नाही."

अप्पा हलले नाहीत. त्यांचे डोळे माझ्या ओठांवरच होते, अजून एखादा शब्द येतोय का बघत. पण आईला कळलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला, आणि लगेच काढला. तोंड झाकलं तर त्यांना कसं कळणार? तिनं त्यांची हनुवटी धरून त्यांचा चेहरा आपल्याकडं वळवला आणि त्यांना सांगितलं. मी ते बाहेरून, काचेतून, पहिल्यांदाच वाचलं. "न्हाई म्हणती. न्हाई."

अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पुन्हा घातली. बराच वेळ त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि आईचा हात त्या पाठीवर होता. मग ते वळले. डोळे पुसले नव्हते, तसेच होते. त्यांचे ओठ हलले, मला वाचता यावं म्हणून सावकाश, मोठे उघडून.

"केवढा हुता खडा?"

आई हसायला लागली आणि टाक्यांवर उशी दाबून धरली. मी रिपोर्टचं पाकीट काखेत धरलं, दोन्ही हात काचेपाशी वर केले, आणि बोटं वाकवून दाखवला. जेवढा होता तेवढा.